सिंहाचा छाप

आमचे बिऱ्हाड शनिवार पेठेत आले ते माझ्या जन्माच्या आधी. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. त्यांच्याबरोबरची बहुतेक ख्रिस्ती मंडळी खडकीत किंवा कॅम्पात राहत. वडिलांना मात्र ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात दोन खोल्या स्वस्तात मिळाल्या आणि ते तेथेच रमले. वाड्यात ख्रिस्ती बिऱ्हाड आमचे एकटेच. नाताळात आई करंज्यांची ताटे घरोघर पाठवी आणि दिवाळीत तीच ताटे चकल्यांनी भरून परत येत. या घटनेला आता सत्तरहून अधिक वर्षे होतील. वाडा गेला, त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, आणि जुने भाडेकरू म्हणून आम्हांला तिच्या दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. तेथूनच हे लिहीत आहे.

रविवारचा आमचा क्रम ठरलेला असे. सकाळी क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये मिस्सा, आणि मिस्सा आटोपली की वडिलांचे बोट धरून मंगळवार पेठेतला जुना बाजार. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, पेशव्यांच्या लष्करातील ख्रिस्ती लोकांसाठी मिळालेल्या जमिनीवर आमचे हे चर्च उभे राहिले, ही गोष्ट वडील दर रविवारी मला नव्याने सांगत. या शहरात आपण पाहुणे नाही, एवढेच त्यांना त्यातून सुचवायचे असावे. जुन्या बाजारात ते कुलपे, पाने, घड्याळांचे काटे चाळत बसत. पण त्यांचा खरा जीव जुन्या बंदुकांच्या सुट्या भागांत. पितळी कड्या, दारू ठेवायची शिंगे, ठासणीचे गज अशा वस्तूंनी त्यांची पत्र्याची पेटी भरलेली असे. दिवसभर काडतुसांच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाने सुटीच्या दिवशी पुन्हा बंदुकांचेच तुकडे गोळा करावेत, याचे आईला नवल वाटे. वडील म्हणत, "कारखान्यातले सगळे सारखे असते गं. यातला प्रत्येक तुकडा एकेका माणसाच्या हातचा आहे."

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि शनिवार पेठेत पाणी शिरले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आम्ही कॅम्पातल्या मावशीकडे गेलो आणि परतलो तो वाड्याची मागची भिंत खचलेली, अंगणात गुडघाभर चिखल. तो चिखल उपसताना वडिलांच्या फावड्याला एक लोखंडी वस्तू लागली. धुऊन पाहतात तो बंदुकीचा चाप! ज्या वाचकांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ठासणीच्या चकमकी बंदुकीच्या कुशीला एक लोखंडी पट्टी बसवलेली असे. तिच्यावर घोडा, घोड्याच्या जबड्यात गारगोटी. घोडा सुटला की गारगोटी पोलादी झडपेवर घासली जाऊन ठिणगी पडे, ती वाटीतल्या रंजकाला पेटवी, आणि नळीच्या कानातून आग आत जाई. हा सारा सरंजाम मिळून चाप. वडिलांनी तो तसाच मालकांकडे नेला, कारण भिंत त्यांची होती. मालक म्हणाले, "आमच्या पणजोबांनी इंग्रजांच्या धाकाने लपवला असेल. नाही तर १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर कुणी चिणला असेल. तुम्हांला त्यातले कळते; ठेवा तुम्ही." त्या चापावर ना तारीख, ना नाव, ना कसला छाप. कुणा देशी लोहाराने घडवलेला तो साधा तुकडा वडिलांनी मरेपर्यंत तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला लाज वाटते, पण सांगावी असे बरेच दिवस मनात आहे.

२०२१ चा उन्हाळा आठवा. महामारीची दुसरी लाट, चर्चची दारे बंद, मिस्सा मोबाईलच्या पडद्यावर. मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. माझे मन रमावे म्हणून मुलीने एका लिलावाच्या संकेतस्थळावर माझे नाव नोंदवून दिले. "पप्पा, आजोबांच्या पेटीतल्यासारख्या वस्तू इथे रोज येतात. नुसत्या बघा हं," असे तिने बजावले होते. मी आठ दिवस नुसते पाहिले. नवव्या दिवशी एक चाप दिसला. पट्टीवर मागच्या दोन पायांवर उभा सिंह आणि खाली साल. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी हृदयाच्या आकाराची मुद्रा असे. १८०८ च्या सुमारास तिच्या जागी हा सिंह आला. वडिलांना आयुष्यभर असा एक सिंह हवा होता आणि जुन्या बाजारात तो त्यांना कधीच परवडला नव्हता.

कायद्याचा विचार मी केला नव्हता असे नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्रांच्या भागांनाही शस्त्रच मानले आहे. मात्र जे हत्यार पुराणवस्तू म्हणून मोलाचे आहे आणि दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, त्याला त्याच कायद्याच्या ४५व्या कलमात सूट आहे. लिलावातील चापाची कमान तुटलेली होती आणि 'शोभेची वस्तू' असे खाली लिहिले होते. ओळखीच्या एका वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "नुसता ठेवायचा असेल तर ठेवा, जोडून बंदूक पुरी करायच्या फंदात पडू नका."

बोली सहा हजारांपासून सुरू झाली. या लिलावांत मोठ्याने ओरडावे लागत नाही. आपण आपला कमाल आकडा यंत्राला गुप्तपणे सांगून ठेवायचा. समोरच्याने बोली चढवली की यंत्र आपल्या वतीने एक पायरी वर जाते. मी बेचाळीस हजार सांगून ठेवले. पत्नीला मात्र पंधरा सांगितले. समोर एकच प्रतिस्पर्धी होता. त्याचे नाव दिसत नव्हते. चार तारे आणि शेवटी साताचा आकडा, एवढीच ओळख. हा साताचा मनुष्य पाचशे-पाचशेच्या पायऱ्यांनी चढत राहिला. मध्यरात्री त्याने साडेबेचाळीसची बोली लावली आणि माझा आकडा संपला. मी हताश होऊन झोपलो. सकाळी पाहतो तो त्याने ती बोली मागे घेतली होती. 'आकडा चुकून पडला' असा खुलासा केला होता आणि पुन्हा एक्केचाळीसची बोली लावली होती. म्हणजे माझ्या बेचाळीसच्या आतच. साडेएक्केचाळीस हजारांना चाप माझा झाला. देवाने त्या माणसाच्या हातून चूक घडवून मला तारले, असे मला खरोखर वाटले. मी त्या सकाळी गुडघे टेकून आभारही मानले!

चाप आला तेव्हा निर्बंध सैल झाले होते. मालकांचे धाकटे चिरंजीव, ज्यांना सारी पेठ भाऊ म्हणते, ते माझे लहानपणापासूनचे मित्र. भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांची नेहमी ऊठबस असते. मी दोन्ही चाप त्यांच्यापुढे ठेवले. भाऊंनी खिशातून भिंग काढले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अरे, पट्टी झिजली आहे, गंजाने खड्डे पडले आहेत," ते अखेर म्हणाले, "आणि हा सिंह बघ. याच्या शेपटीचा केसन्‌केस दिसतो आहे. जमीन म्हातारी आणि सिंह कालचा, असे कसे होईल? छाप एका खड्ड्यावरून गेला आहे. म्हणजे खड्डा आधीचा, सिंह नंतरचा."

"म्हणजे खोटा?"

"लोखंड खरे आहे रे. छाप खोटा आहे. आणि तू पैसे छापाचे दिलेस."

सरहद्द प्रांतात अशा नकला फार पूर्वीपासून होत आल्या आहेत, हे त्यांनीच सांगितले. तिथल्या लोहारांचे हात निष्णात, पण इंग्रजी अक्षरे त्यांना अपरिचित. म्हणून कित्येक नकली बंदुकांवर 'एन' हे अक्षर उलटे पडलेले सापडते. माझ्या चापावर एकही अक्षर नव्हते. बनवणारा जास्त हुशार असावा.

त्या रात्री मी त्या विक्रेत्याचे जुने लिलाव उघडून बसलो. साताचा मनुष्य तेथे सगळीकडे होता. पेशकबज, दारूची शिंगे, तोड्याच्या बंदुकीच्या कड्या; प्रत्येक ठिकाणी त्याची बोली दुसऱ्या क्रमांकाची. दुसऱ्या कोणत्याही विक्रेत्याकडे तो फिरकलेला नव्हता. आता त्याच्या 'चुकी'चा अर्थ मला कळला. पायरी-पायरीने चढून त्याने माझा गुप्त आकडा चाचपला होता, तो ओलांडल्यावर बोली मागे घेतली होती आणि मग त्या आकड्याच्या अगदी उंबरठ्यावर मला आणून सोडले होते. माझ्या खिशात हात घालून त्याने नाणी मोजली होती म्हणा ना.

ही विद्या काही नवी नाही. २००० साली अमेरिकेत एका चित्राची बोली संकेतस्थळावर एक लाख पस्तीस हजार डॉलरांवर गेली. चित्र रिचर्ड डीबेनकॉर्न या नामांकित चित्रकाराचे असावे असा भास विक्रेत्याने निर्माण केला होता. पुढे उघड झाले की त्याने आणि त्याच्या साथीदारांनी अनेक खोट्या नावांनी एकमेकांच्या वस्तूंवर बोली लावल्या होत्या. खटला झाला, गुन्हा कबूल केला गेला. मोठ्या घरचे वासेही पोकळ असतात. लंडन-न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित लिलावगृहांत वस्तूची राखीव किंमत गाठेपर्यंत लिलाव पुकारणारा कुणीही नसलेल्या कोपऱ्याकडे पाहून बोली घेतो. तिला झुंबराची बोली म्हणतात आणि तेथे ती नियमात बसते. आपला १९३० चा वस्तुविक्री कायदा याबाबत अधिक करडा आहे. विक्रेत्याने तसा हक्क आधी जाहीर केला नसेल तर त्याने स्वतः किंवा हस्तकाकरवी बोली लावता कामा नये; किंमत चढवण्यासाठी खोटी बोली लावली तर खरेदीदाराला सौदा मोडता येतो. कलम ६४. पण ताऱ्यांमागचा चेहरा सिद्ध कसा करायचा?

किंमत जास्त म्हणजे लबाडी, असेही नाही. २३ मे २०२३ रोजी लंडनमध्ये टिपू सुलतानाची तलवार पंधरा ते वीस लाख पौंडांचा अंदाज असताना सुमारे एक कोटी चाळीस लाखांना गेली. २९ एप्रिल २०२५ रोजी नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार तेथेच लिलावात निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना सोडवून आणली. त्या तलवारीचे पाते युरोपात घडलेले आणि मुठीजवळ सोन्याने देवनागरी अक्षरे. मराठ्यांनी अशा पात्याला 'फिरंग' म्हटले आणि आपले करून टाकले. आम्हां ख्रिस्ती लोकांनाही कुणी फिरंगी म्हणत असे, ते मला त्या बातमीने आठवले. असो; विषय भरकटला.

मी विक्रेत्याकडे तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी एका गोड आवाजाच्या गृहस्थाचा फोन आला. "काका, नाराज होऊ नका. पैसे परत करण्याची पद्धत नाही, पण तुमचे नुकसानही होऊ देणार नाही. चाप तुमच्या नावाने पुन्हा लिलावात लावा. पंचेचाळीसच्या खाली जाणार नाही, ती जबाबदारी आमची." थोडे थांबून तो म्हणाला, "आणि आमच्या एक-दोन वस्तूंवर तुमचीही बोली असू द्या. जिंकायची काळजी करू नका."

त्याच्या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही, असे म्हणण्याची सोय नाही. साताचा मनुष्य कोण, हे मला त्याच क्षणी कळले, आणि आता आठाचा मनुष्य मी व्हायचे, हेही कळले. साडेएक्केचाळीस हजार म्हणजे माझे दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन. पत्नीला अजून पंधराच ठाऊक होते. मी हो म्हटले.

एका दारूच्या शिंगावर मी दोन बोली लावल्या. माझ्याआधी ते पाच हजार दोनशेवर होते; शेवटी कुणीतरी सात हजार सहाशेला नेले. हात थरथरले वगैरे काही नाही. उलट समोरच्याने माझी बोली ओलांडली तेव्हा सुटल्यासारखे वाटले, आणि थोडी मजाही वाटली. हे लिहिणे सर्वांत कठीण होते.

मग माझा चाप लिलावात लागला. वर्णनात मी 'कंपनीच्या सिंहाचा छाप असलेला' असे लिहिले. शब्दाशब्दाने खरे. तिसऱ्या दिवशी सत्तावीस हजारांवर बोली असताना मला एक निरोप आला. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवणारा तरुण होता. अतिशय शुद्ध भाषेत त्याने लिहिले होते की, शाळेत मुलांना दाखवण्यासाठी तो जुन्या वस्तू जमवतो, वर्षभर पैसे साठवले आहेत. छायाचित्रावरून त्याला काही कळत नाही. 'आपण वस्तू प्रत्यक्ष हाताळली आहे, म्हणून आपल्याला विचारतो. सिंह खरा आहे ना?'

मी बोलींची यादी उघडली. एका आड एक दोनच नावे. एक त्याचे, आणि दुसरे, चार तारे व शेवटी सात.

रात्रभर मी उत्तर दिले नाही. सकाळी चहाच्या वेळी पत्नीला सारे सांगितले, साडेएक्केचाळीससुद्धा. ती बराच वेळ कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अहो, बाबांनी चिखलात सापडलेला तुकडा मालकांना नेऊन दाखवला होता ना?" एवढेच. ती भांडली असती तर मला सोपे गेले असते.

चाप लिलावातून काढून घ्यायला गेलो, तर बोली लागल्यावर वस्तू मागे घेता येत नाही असे उत्तर आले. तेव्हा त्या तरुणाला सारे लिहिले: सिंह खोटा आहे, तुझ्यासमोरचा बोलीदारही खोटा आहे, आणि हे मला तीन दिवसांपासून ठाऊक आहे. हातोडा पडेपर्यंत कोणत्याही बोलीदाराला आपली बोली मागे घेता येते, असे तेच ६४वे कलम सांगते. ज्या दाराने सात आकड्याचा मनुष्य पळाला होता, त्याच दाराने हा मुलगा बाहेर पडला. आणि मग गंमत झाली. मैदानात उरला एकटा साताचा मनुष्य! लिलाव संपला, आणि सत्तावीस हजारांना तो 'जिंकला'. पैसे अर्थात आलेच नाहीत. गोड आवाजाच्या गृहस्थाचा फोन मात्र आला, आणि आवाज गोड नव्हता. लिलावाचा आकार म्हणून बाराशे रुपये माझ्या खात्यातून गेले ते वेगळेच.

चर्चची दारे उघडल्यावर मी पापनिवेदनाला गेलो. तेथील गुप्तता फादरांना बांधील असते, मला नाही, म्हणून सांगतो. चापाची हकिकत त्यांनी शांतपणे ऐकली. मी शिंगाचे सांगितले तेव्हा त्यांनी थांबवले. "तुमच्या बोलीमुळे किंमत किती चढली?"

"दोन हजार चारशे, फादर. घेणारा कोण ते मात्र कळायला मार्ग नाही. नाव ताऱ्यांचे आहे."

सातव्या आज्ञेच्या विवेचनात, किंमत कृत्रिमपणे चढवून दुसऱ्याच्या नुकसानीवर आपला फायदा साधणे हेही नैतिकदृष्ट्या गैरच होय, असे कॅथोलिक धर्मशिक्षणाचा १९९२ चा ग्रंथ सांगतो. हे फादरांनी मला तेव्हा सांगितले नाही. मी नंतर शोधले. त्यांनी एवढेच म्हटले की ज्याचे नुकसान केले तो सापडत नसेल तर ती रक्कम गरिबांना द्यावी, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. संत थॉमस अक्वायनसांच्या काळापासून असेच सांगत आले आहेत. मी पैसे दानपेटीत टाकले. पण चोवीसशेवर हिशेब मिटला असे मला अजून वाटत नाही. कुठेतरी कुणाच्या कपाटात ते शिंग आहे. तो मनुष्य पाहुण्यांना ते अभिमानाने दाखवत असेल, उद्या आपल्या दुसऱ्या शिंगाची किंमतही त्याच मापाने सांगत असेल. एकदा चढलेली किंमत खाली उतरून येत नाही. ती दर म्हणून पुढे चालू लागते. जुन्या बाजारातले फेरीवालेसुद्धा आता मोबाईल पुढे करून म्हणतात, "साहेब, ऑनलाईन बघा काय भाव आहे!" तो भाव ज्यांनी केला त्यांत मीही एक आहे.

२०२२ च्या जानेवारीत तो शिक्षक कामानिमित्त पुण्याला आला आणि मुद्दाम आमच्याकडे आला. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापासून पत्ता विचारत चालत आला होता. वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान. मी त्याच्यापुढे सिंहाचा चाप ठेवला. त्याने तो उलटसुलट केला, खड्ड्यावरून गेलेला छाप स्वतःच ओळखला आणि हसून बाजूला ठेवला. मग त्याची नजर तेलाच्या फडक्याकडे गेली. मी पुराची हकिकत सांगितली. त्याने वडिलांचा तो बिनछापाचा चाप दोन्ही हातांत घेतला, घोड्यावरच्या कानशीच्या रेघांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ तो काही बोलला नाही.

"सर, हा कधी द्यायचा विचार केलात तर मला सांगाल?" त्याने संकोचून विचारले.

"किती द्याल?" हे शब्द माझ्या तोंडून निघून गेले होते. स्वयंपाकघरात कप बशीवर जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.